घडीताईचे बारा आठवडे

लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. सव्वीस वर्षं ती एकाच टेबलापाशी उभी होती, आणि तिनं घडी घातलेली चादर महिनाभर कपाटात पडून राहिली तरी बाहेर काढल्यावर कोपऱ्याला कोपरा जुळलेलाच असे. सकाळी हॉस्पिटलच्या चादरी, दुपारी हॉटेलांचे टेबलक्लॉथ, उतरत्या उन्हात गिऱ्हाइकांचे शर्ट. मोठी इस्त्री तीन किलोची. वाफेनं भिंतींना कायम घाम फुटलेला. एवढ्या वर्षांत तिनं मोठी रजा घेतली ती दोनदाच: एकदा मुलगी झाली तेव्हा, आणि एकदा जिन्यात पाय मुरगळला तेव्हा. त्यामुळे छातीत जळजळायला लागलं तेव्हा तिनं ते पित्तावर ढकललं. मग कळ दंडात उतरली. पण दुखत होता तो डावा दंड आणि इस्त्री धरायची उजव्या हातानं, म्हणून त्याकडेही कानाडोळा केला.

एका मंगळवारी ती धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसली आणि उठलीच नाही. लाँड्रीच्या गाडीवाल्यानं तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथल्या पलंगावरची चादर आपल्याच लाँड्रीतली आहे, हे तिनं तशातही काठावरून ओळखलं. तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. त्याच आठवड्यात बायपास झाली.

नवव्या दिवशी तिला घरी सोडलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा गोदामात क्रेन चालवायचा. टनावारी माल बोटांच्या इशाऱ्यावर हलवणारा तो माणूस बायकोला जिना चढवताना मात्र पार गोंधळला. कुठे धरायचं तेच त्याला कळेना. दंडाला धरून ओढायचं नाही, काखेत हात घालायचा नाही, असं नर्सनं बजावलं होतं. शेवटी तो तिच्या मागून एकेक पायरी चढत राहिला, दोन्ही हात पुढे पसरून, जणू वरून काहीतरी पडणार आहे. छत्तीस पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. घरात आल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिला रडू कोसळलं. का ते तिलाही सांगता येईना.

हॉस्पिटलनं एक छापील कागद दिला होता. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. कुशीवर झोपायचं नाही. उठताना हातांवर भार द्यायचा नाही. खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरायची. दिवसातून चार वेळा यंत्राच्या नळीतून असा श्वास ओढायचा, की आतल्या प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर उचलल्या जातील. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला सहा आठवडे, बारा आठवडे कामावर जायला. कागदावर हे सगळं सोपं वाटत होतं. मधले दिवस कसे काढायचे ते त्यात नव्हतं.

दिवस संपता संपत नव्हता. सकाळी तोंड धुतलं की दम लागे आणि तासभर पडून राहावं लागे. पडून राहिलं की पाठ भरून येई. दुधाला लोखंडाची चव, ब्रेडला कागदाची. यंत्रातल्या तीन गोळ्यांपैकी एक कशीबशी वर उचलली जायची, बाकीच्या दोघी तळाशी ढिम्म. वाचायला घेतलं तर दुसऱ्या ओळीवर डोळे मिटत, आणि डोळे मिटले की झोप पळून जाई. भेटायला येणारे सगळे म्हणत, चेहरा किती टवटवीत दिसतोय. ती मान हलवे. ते गेले की भिंतीकडे बघत बसे.

चार दिवसांनी नवऱ्याची रजा संपली. मुलगी दूरच्या गावी, तिचं बाळ दोन महिन्यांचं. ती रोज फोनवर रडे आणि आईलाच तिची समजूत काढावी लागे. घरी बाई ठेवायची का, यावर नवरा-बायकोचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात दार वाजलं. दारात सासू उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत स्वतःची उशी.

सासू एकोणऐंशी वर्षांची. एका कानानं जवळजवळ बहिरी, पाठीत जरा वाकलेली. अकरा वर्षांपूर्वी ती हे घर सोडून धाकट्या मुलाकडे राहायला गेली होती, आणि गेली ती भांडूनच. सासऱ्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घडीताई बारा तासांची पाळी संपवून घरी आली, तर सासूनं कपाटातले सगळे कपडे बाहेर काढून आपल्या पद्धतीनं गुंडाळून ठेवले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालून आलेल्या बाईला स्वतःच्या कपाटात त्या गुंडाळ्या दिसल्या आणि तिचा तोल सुटला. या घरात एक तरी जागा माझ्यासाठी सोडा, असं ती म्हणाली. शब्दानं शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी सासूनं पिशवी भरली. पुढे नात्यात सगळीकडे एवढंच पोचलं की सुनेनं म्हातारीला घरातून काढलं. घडीताईनं कुणाला खुलासा केला नाही. लग्नकार्यात भेट व्हायची तेव्हा दोघी एकमेकींना तब्येत विचारत आणि पाय काढता घेत.

आता दारात तिला उभी पाहून नवराच गडबडला. त्यानं फोनवर आईला फक्त ऑपरेशन झाल्याचं कळवलं होतं, ये असं म्हटलं नव्हतं.

"मोजे कोण घालतं तिला?" सासूनं आत येत विचारलं.

प्रश्न बरोबर जागी लागला होता. पायातली शीर काढून छातीत बसवली होती, त्यामुळे डाव्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत टाके होते, आणि सूज येऊ नये म्हणून दोन्ही पायांत घट्ट रबरी मोजे घालायचे होते. नवऱ्याला ते काही केल्या जमत नव्हतं. अर्धा मोजा चढला की पीळ पडे आणि तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडे. सासूनं पिशवी खाली ठेवली, स्वयंपाकघरातून एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी आणली, ती पायाच्या पंजावर चढवली, तिच्यावरून मोजा सरकवला, आणि बोटांकडच्या उघड्या टोकातून पिशवी हळूच ओढून काढली. मोजा सुरकुती न पडता बसला. धाकट्या मुलाच्या सासऱ्यांचं आजारपण काढताना आपण हे शिकलो, असं तिनं सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी ती खाली बसून हे करू लागली. करायला पाऊण तास लागे, कारण तिला बसायला आणि उठायलाच प्रत्येकी पाच मिनिटं लागत.

सासू आली म्हणून घरात गोडीगुलाबी पसरली, असं काही झालं नाही. तिला ऐकू कमी, आणि घडीताईला मोठ्यानं बोललं की छाती दुखे. त्यामुळे दोघींचं बोलणं हातवाऱ्यांवर आलं. सूप अळणी, म्हणून घडीताई नाक मुरडी. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, म्हणून सासू वाडगं तिच्यासमोरून हलवत नसे. हात वर नेता येत नव्हते, म्हणून केस विंचरणंही सासूकडेच आलं. म्हातारीच्या बोटांत आता जोर नव्हता. वेणी सैल पडे आणि दुपारपर्यंत सुटे, मग ती पुन्हा घालायला बसे. घडीताई मान खाली घालून बसून राही. आपलं सगळं शरीर दुसऱ्याच्या हाती दिल्याची लाज तिला पहिल्या आठवड्यात वाटली. नंतर लाज वाटून घेण्याचंही त्राण उरलं नाही.

दुपारी दोघी मधल्या खोलीत फेऱ्या मारत. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग सात, मग दहा. चौथ्या आठवड्यात त्या जिन्यापर्यंत गेल्या. पाचव्यात एक मजला उतरून चढल्या. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेनं त्यांना पाहून विचारलं, की यातली पेशंट कोण. सासूला ते नेमकं ऐकू गेलं, आणि घडीताईला हसू आलं. पण हसल्यावर छातीचं हाड असं दुखलं, की ती उशी छातीशी धरून पायरीवरच बसली. सासू कठडा धरून शेजारी उभी राहिली. तिलाही धाप लागली होती. ती लपवायला ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत होती, हे घडीताईनं पाहिलं. पाहून काहीच केलं नाही. करण्यासारखं तिच्याकडे काय होतं?

सहावा आठवडा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, न्हाणीघरातून धप्पदिशी आवाज आला.

घडीताई खुर्चीत होती. हात छातीवर आडवे धरून, शिकवल्याप्रमाणे पुढे झुकून ती उठली आणि जमेल तेवढ्या लवकर गेली. सासू ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. मोजे धूत होती, उठताना पाय घसरला. शुद्धीवर होती, बोलत होती, पण उजवं मनगट वेडंवाकडं झालं होतं आणि तिला उठता येत नव्हतं. घडीताईचा हात आपोआप तिच्या काखेकडे गेला. सव्वीस वर्षं ओल्या चादरींची बोचकी उचलणारा हात.

"हात लावू नकोस," सासू म्हणाली. "तुझं हाड सुटलं तर मी पुन्हा सहा आठवडे मोजे चढवणार नाही."

घडीताई थांबली. मग तिनं एकेक गोष्ट केली. नवऱ्याला फोन लावला, पण क्रेनवर असताना त्याचा फोन कपाटात असे. तो वाजत राहिला. खालच्या शिक्षिकेचं दार सकाळी बंद असतं, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं लाँड्रीत फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, गाडी चादरी पोचवायला गेलीय, गाठून पाठवते, अर्धा-पाऊण तास लागेल. तिनं बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवली. पलंगावरचा सुका टॉवेल आणि पातळ पांघरूण घेतलं. न्हाणीघरात आली तेव्हा सासू थंडीनं कुडकुडत होती.

पांघरूण वाकून नीट घालता येईना. खाली बसलं तर येत होतं. पण एकदा खाली बसलं की हातांवर भार न देता आपल्यालाही उठता येणार नाही, हे तिला कळत होतं. ती भिंतीला पाठ घासत घासत खाली बसली. सासूचं डोकं मांडीवर घेतलं, उजव्या मांडीवर, कारण डावीवर टाके. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, आणि टॉवेलनं तिचे ओले पाय पुसायला हात पोचेना म्हणून टॉवेल तसाच तिच्या खांद्याखाली सारला.

बराच वेळ नळ ठिबकत राहिला. उठून बंद करणं दोघींपैकी कुणालाच शक्य नव्हतं. सासूचा बरा कान वर होता.

"आई," घडीताई हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी जा म्हटलं नव्हतं. एक जागा माझ्यासाठी सोडा, असं म्हटलं होतं. तुम्हाला नीट ऐकू गेलं नसेल."

"ऐकू गेलं होतं," सासू म्हणाली. "तेव्हा दोन्ही कान चांगले होते माझे."



मग सासू बोलली, ती थांबत थांबत, न्हाणीघराच्या दाराकडे बघत. त्या समोरच्या खोलीत तिचा नवरा वारला. वर्षभर त्याच खोलीत ती झोपत होती, त्याच पलंगावर. सून कामावर, मुलगा कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात ती आणि तो पलंग. हातांना काहीतरी चाळा हवा, म्हणून कपाटं उपसायची. तिला तिथून निघायचं होतं. पण मोठ्या मुलाचं घर असताना म्हातारी आपण होऊन धाकट्याकडे गेली, तर चार लोक काय म्हणतील, आणि मुलाला काय वाटेल? तेवढ्यात सुनेनं आवाज चढवला. निमित्त सापडलं.

"तुझ्यावर ढकललं मी. सोपं होतं ते. नंतर लोक तुला बोलायला लागले, तेव्हा खरं सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता राहून गेलं."

अकरा वर्षं. नणंदांची टोचणी, लग्नकार्यातल्या नजरा, नवऱ्याचं ते दोन वर्षं तुटक वागणं. घडीताईला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती त्याची वाट बघत बसली. पण राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो सासूच्या कपाळावर होता.

"दुखतंय का मनगट?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"दुखतंय की."

"मग बोलू नका. पडून राहा."

पाऊण तासानं गाडीवाला आला. चांगला धिप्पाड माणूस, पण न्हाणीघराच्या फरशीवर दोन बायका अशा पाहून तो क्षणभर आत यायलाच तयार होईना. मग त्यानं आधी म्हातारीला दोन्ही हातांवर उचलून पलंगावर नेलं. घडीताईला उठवताना तिनं त्याला धडे दिले: कमरेला धर, दंडाला नाही, मी पायांवर जोर देते, तू नुसता आधार दे. गाडीवाला दोघींना घेऊन हॉस्पिटलात गेला. हॉटेलवाल्यांना त्या दिवशी टेबलक्लॉथ दोन तास उशिरा मिळाले.

सासूच्या मनगटाला तडा गेला होता. पाच आठवडे प्लास्टर. घडीताईच्या छातीचा फोटो काढला. हाड जुळत होतं, ते बांधलेल्या तारा जागेवर होत्या. डॉक्टर तिला फरशीवर बसल्याबद्दल रागावले आणि मग म्हणाले, आता हळूहळू घरातली हलकी कामं करायला हरकत नाही.

धाकटा मुलगा आईला न्यायला आला, पण ती गेली नाही. एका हातानं तिकडे बसून काय करायचं ते इथेच बसून करते, म्हणाली. नवऱ्यानं सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारपासून तो घरी राहू लागला. धाकटा आला त्याच संध्याकाळी सासूनं त्याला आणि घडीताईच्या नवऱ्याला, दोघांनाही, न्हाणीघरात कबूल केलेली गोष्ट स्वतः सांगितली. घडीताई तेव्हा आतल्या खोलीत होती. नवरा आत आला, पलंगाच्या कडेला बसला, काहीतरी बोलायचा विचार केला, आणि उठून तिची पाण्याची बाटली भरून आणली. त्याचं बोलणं तेवढंच असे. ती पाणी प्यायली.

मग दिवस थोडे वेगळे जाऊ लागले. सकाळी घडीताई भाजी चिरे, आणि सासू डाव्या हातानं ढवळे. बटाट्याची साल काढायची तर एकीनं बटाटा धरायचा, दुसरीनं सोलायचा.

"आपण दोघी मिळून एक धड बाई होतो," सासू म्हणाली.

आता सासूची वेणी घडीताई घालू लागली, सासूला खाली बसवून, म्हणजे हात वर न्यावे लागत नसत. चालणं वाढलं. सातव्या आठवड्यात रस्ता, नवव्यात कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. गोळ्यांच्या यंत्रात दुसरी गोळी वर जाऊ लागली. मधेच दोन-तीन दिवस पुन्हा असे येत की उशीवरून मान उचलवत नसे, आणि वाटे, हे असंच राहणार, आपण आता अशाच. सासू अशा दिवशी काही समजावत नसे. खुर्ची पलंगाजवळ ओढून तीही डोळे मिटून बसे. दोघी थकलेल्या.

अकराव्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि सासूनं जायचं ठरवलं. घडीताईनं राहा म्हटलं. ते मनापासून होतं, आणि ती राहिली तर आपल्याला जड जाईल हेही तितकंच खरं होतं. सासूला दोन्ही कळलं असावं.

"दमले गं मी आता," ती म्हणाली. "तिकडे माझी खोली तळमजल्यावर आहे."

बसथांब्यापर्यंत तिघं गेले. नवरा पिशवी आणि उशी घेऊन पुढे, या दोघी मागून, दोनदा थांबत. बस आली तेव्हा घडीताई वाकून पाया पडू लागली, तर सासूनं तिला मधेच अडवलं; वाकायची परवानगी मिळालीय का, ते आधी डॉक्टरांना विचार, म्हणाली. नात्यात तिनं मागाहून कुणाकुणाला खरं सांगितलं, ते घडीताईला नक्की कळलं नाही. एका नणंदेचा आपण होऊन फोन आला, एवढं खरं. बाकीच्या पूर्वीसारख्याच राहिल्या.

बारा आठवडे झाल्यावर ती लाँड्रीत गेली, अर्ध्या पाळीला. मालकीणबाईंनी इस्त्री दुसऱ्या बाईकडे दिली होती आणि तिला घड्यांच्या टेबलाशी एक स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर बसून घडी घालायची म्हणजे तिला अपमानच वाटला. ती उभी राहिली. वीस मिनिटांनी गुपचूप बसली. वाफेत श्वास जड होत होता, चादर झटकताना छातीत बारीक ओढ बसत होती, आणि कोपरे काही केल्या जुळत नव्हते. दोनदा घडी उलगडून पुन्हा घालावी लागली.

दुपारी घरी येऊन ती चपलांसकट पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळानं फोन वाजला. सासू होती, नेहमीप्रमाणे फोनमध्ये ओरडत.

"किती झाल्या चादरी?"

"चौदा."

"पूर्वी किती व्हायच्या?"

"तासाला साठ."

मग सासूनं विचारलं, जेवलीस का. घडीताई म्हणाली, उठवत नाहीये. थोडं पडून मग जेव, पण जेव, असं सांगून सासूनं फोन ठेवला. घडीताई तशीच पडून राहिली. छाती ठणकत नव्हती. दुखत होते ते खांदे आणि पायांचे तळवे, पाळी संपल्यावर पूर्वी दुखायचे तसे. उद्या पुन्हा जायचं होतं. बारा आठवड्यांच्या सवयीनं ती उताणीच पडली होती, मग जरा विचार करून सावकाश, हात छातीवर धरून, उजव्या कुशीवर वळली.